आमची वाटचाल : दुसऱ्याच्या घरी जाणारी बरणी

मी, माझी धाकटी जाऊ आणि हाताशी चार मदतनीस, एवढाच आमचा पसारा. माल मोजकाच करतो: मोहरीचा सॉस, टोमॅटो केचप, आंबवलेल्या मिरचीचा सॉस, कांद्याचं आंबटगोड तोंडीलावणं आणि सुगंधी मीठ. सुरुवात घरच्यांसाठीच झाली. पाहुण्यांनी चाखलं, कुणी एक बरणी मागून नेली, मग कुणाला तरी लग्नात भेट द्यायला डझनभर हव्या होत्या. आज आमचा निम्म्याहून जास्त माल भेट म्हणूनच जातो.

त्या पहिल्या डझनाच्या वेळी जाऊबाईंनी एक प्रश्न विचारला होता. "वहिनी, ही बरणी त्यांच्याकडे किती दिवस पडून राहील, कुणास ठाऊक. तोवर टिकेल का?" घरातली बरणी रोज डोळ्यांसमोर असते. वास बदलला, वर पांढरा तवंग दिसला की आपण ती टाकून देतो. भेट दिलेली बरणी मात्र कुणाच्या कपाटात किती महिने राहील, उन्हात ठेवतील का, त्यात ओला चमचा जाईल का, यावर आपला काहीच ताबा नसतो. काय करायचं, काय नाही, कशात भरायचं, हे आम्ही तेव्हापासून या एका प्रश्नावर ठरवत आलो.

सगळ्यात आधी जमली ती मोहरी. लोकांना वाटतं मोहरी मुळातच झणझणीत असते. अख्खा कोरडा दाणा तोंडात टाकून पाहा, आधी काहीच लागत नाही. चावून ओला झाला की मग ठसका येतो. दाण्यात एक एन्झाइम असतं आणि त्याच्यापासून अलग असं एक संयुग. दाणा फुटला आणि पाणी लागलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. काळ्या आणि तपकिरी मोहरीतलं हे तिखट द्रव्य उडून जाणारं असतं, म्हणून ते थेट नाकात चढतं. पिवळ्या मोहरीचा तिखटपणा जिभेवरच राहतो. आम्ही दोन्ही मिसळतो, कारण नुसती पिवळी मवाळ लागते आणि नुसती तपकिरी एकसुरी.

पाणी कसं घालता यावर बाकी सगळं ठरतं. गरम पाणी घातलं तर एन्झाइम निकामी होतं आणि सॉस फिका राहतो. आम्ही मोहरीची पूड गार पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवतो आणि नंतरच व्हिनेगर घालतो. आम्लामुळे ती क्रिया थांबते आणि चढलेला ठसका बराच काळ टिकतो. व्हिनेगर आधीच घातलं तर ठसका चढतच नाही. अख्खे दाणे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेला दाणेदार सॉस सौम्य होतो तो याच कारणाने, आणि काहींना तो तसाच आवडतो. ताजा सॉस त्याच दिवशी चाखू नका. तो कडू लागतो आणि माणूस विनाकारण साखर घालत बसतो. दोन-तीन दिवसांत कडवटपणा आपोआप उतरतो. आमची मोहरी मुरल्याशिवाय कारखान्याबाहेर जात नाही, घाई कितीही असो.

केचपला सगळ्यात जास्त वेळ लागतो. टोमॅटोत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि ते उडवणं हेच खरं काम. म्हणून पातेलं खोल नको, पसरट हवं. जेवढा पृष्ठभाग मोठा तेवढं पाणी लवकर जातं आणि रंगही काळवंडत नाही. दाटपणाचं गुपित मात्र त्याआधीच, चिरण्यात असतं. टोमॅटो चिरला की त्यातली एन्झाइम्स पेक्टिन, म्हणजे रसाला दाटपणा देणारा घटक, तोडायला लागतात, आणि चिरून तासभर ठेवलेल्या टोमॅटोचा रस पातळ होऊन खाली बसतो. आमच्याकडे थोडे टोमॅटो चिरून लगेच उकळत्या पातेल्यात टाकतात, डावाने चेचतात, उकळी न मोडता पुढचे थोडे चिरून घालतात. चिरणारी आणि ढवळणारी यांचा मेळ जमायला वेळ लागतो, पण त्यामुळे कॉर्नफ्लॉवर कधी लागत नाही. झालंय की नाही ते बशीवर पाहायचं: एक थेंब टाकायचा, कडेने पाण्याचं वर्तुळ सुटलं तर अजून आटवायचं.

व्हिनेगर चवीपुरतं असतं असा पुष्कळांचा समज आहे. तो मला इथे खोडून काढायचा आहे. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. टोमॅटोचा पीएच जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे 4.3 ते 4.9 असा वरखाली होतो. 4.6 ही सुरक्षिततेची रेघ धरतात, कारण त्याखाली बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढत नाही. म्हणजे टोमॅटो नेमका त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सापडतो. घरी कुणी पाककृतीतलं व्हिनेगर "जरा कमी आंबट" म्हणून घटवत असेल तर कृपा करून घटवू नका. आंबटपणा नको वाटला तर साखर थोडी वाढवा. व्हिनेगरही किमान पाच टक्के आम्लतेचं घ्या, तसं बाटलीवर छापलेलं असतं. आमच्या उद्योगात पहिलं महागडं यंत्र आलं ते पीएच मीटर. लेबलचं डिझाइन, सुंदर खोकी, सगळं त्यानंतर. प्रत्येक बॅच भरण्याआधी मीटर 4 आणि 7 अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत जुळवून घेतो, मग नमुना थंड करून मोजतो आणि आकडा वहीत उतरतो. 4.2 च्या वर आकडा आला तर भरणं थांबतं. ही आमची स्वतःची रेघ आहे, थोडी आत ओढलेली.

"ताई, तेलात लसूण आणि हिरव्या काड्या घातलेली बाटली का ठेवत नाही? भेट द्यायला किती सुरेख दिसते!" हे आम्हाला सतत ऐकावं लागतं. दिसते खरी सुरेख. पण लसूण मातीत वाढतो आणि त्याला बॉट्युलिझमचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. तेलात बुडाला की हवा तुटते, लसणात आम्ल कमी, आणि बाटली घरात बाहेरच ठेवलेली. जंतूला नेमकं हेच हवं असतं. त्यातून तयार होणाऱ्या विषाला वास नाही, चव नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या लसणामुळे कितीतरी लोक आजारी पडले. 1989 मध्ये अमेरिकेत पुन्हा तसंच घडल्यावर तिथल्या सरकारने अशा मालात आम्ल घालणं सक्तीचं केलं. लसणाचं तेल घरी जरूर करा, पण बेताचं करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. ते भेट म्हणून पाठवायचं नसतं. या एका नकारामुळे आमच्या काही मोठ्या ऑर्डरी गेल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजचंही तेच. आमच्या शिकवणीत ते हौसेने करून दाखवतो, पण विक्रीला ठेवत नाही.

ज्यांना तेलाच्या बाटलीचा देखणेपणाच हवा असतो, त्यांना आम्ही सुगंधी मीठ सुचवतो. लिंबाच्या सालीचा वरवरचा पिवळा किस, रोझमेरी, जाड मीठ एकत्र चोळायचं आणि ओव्हनच्या अगदी मंद आचेवर सुकवायचं. आतला पांढरा भाग किसात आला तर कडू होतं. पूर्ण कोरडं झालं की बरणीत. खराब व्हायला त्यात ओल उरतच नाही. पहिल्यांदाच कुणाला घरचं काही करून द्यायचं असेल तर मी डोळे मिटून हेच सांगते.

मिरचीचा सॉस जाऊबाईंचा. त्या मिरचीच्या वजनाच्या अडीच टक्के मीठ घेतात, वजनकाट्यावर मोजून, कधीही अंदाजाने नाही. मिरच्या भरड वाटून, मीठ चोळून बरणीत दाबायच्या, रसाच्या वर एकही तुकडा राहता कामा नये. दोन-तीन दिवसांत बुडबुडे येतात, रंग थोडा उतरतो, आणि कच्चा उग्र वास जाऊन फळासारखा आंबूस वास येतो. तो वास आला की त्या हसतात. पण आंबणारा सॉस जिवंत असतो, घट्ट झाकणात कोंडला तर वायू साठून बाटली फुटू शकते. म्हणून भेटीसाठीचा सॉस गाळून, व्हिनेगर घालून, उकळूनच भरतात. चवीतला ताजेपणा थोडा जातो. घरासाठी मात्र त्या न उकळलेलाच फ्रिजमध्ये ठेवतात.

काचेच्या बंद बाटलीत उकळून अन्न टिकवायची पद्धत निकोला आपेर या फ्रेंच हलवायाने 1810 मध्ये छापून प्रसिद्ध केली. ते का टिकतं, हे सांगता येईल असं शास्त्र तेव्हा नव्हतं. ते जंतूंचा अभ्यास करणाऱ्या लुई पाश्चर या शास्त्रज्ञाच्या कामानंतर उलगडलं. पद्धत आजही जवळपास तीच. केचप गरम असतानाच गरम बरणीत भरायचं, वर थोडी जागा सोडायची, काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसायचा, झाकण लावून उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायचं. अर्ध्या लिटरच्या बरणीला 15 मिनिटं, डोंगराळ भागात राहत असाल तर जास्त. थंड होताना झाकणाचा मधला भाग टक् करून आत बसतो. ज्याचा बसला नाही ती बरणी आमच्या जेवणाच्या टेबलावर येते. झाकण आतून लेप दिलेलं घ्यावं, नाहीतर व्हिनेगर पत्र्याला खातं.

भेटीच्या बरण्यांबद्दल एक गोष्ट आम्हाला ग्राहकांनीच शिकवली. पुष्कळ बरण्या उघडल्याच जात नव्हत्या. चवीचा दोष नव्हता. घेणाऱ्याला ती कशाबरोबर खायची तेच कळत नव्हतं, किंवा इतकी मोठी फोडून संपवायची कशी हा संकोच. तेव्हापासून मोठ्या बरण्या बंद करून शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या केल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्यात एक चिठ्ठी: भाजलेल्या बटाट्यावर, सँडविचमध्ये, सॅलडच्या ड्रेसिंगला चमचाभर. खाली भरल्याची तारीख, सगळे घटक, आणि "उघडल्यावर फ्रिजमध्ये, कोरडा चमचा". मोहरीचं नाव ठळक छापतो, कारण काहींना तिची ॲलर्जी असते आणि भेट घेणाऱ्याने पाककृती पाहिलेली नसते.

सध्या कांद्याच्या तोंडीलावण्यात साखर कमी करायचा प्रयत्न चालू आहे. साखर घटली की टिकणं व्हिनेगरवर येतं, आणि व्हिनेगर वाढलं की कांद्याचा गोडवा दबतो. सफरचंदाचा रस आटवून घातला तेव्हा चव जवळ आली, पीएचही बसला, पण रंग गडद झाला. पुढची बॅच हलक्या आचेवर घ्यायची ठरली आहे.