वरचा पाइप, खालचा पाइप: आमची वाटचाल

आम्ही जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे पट्टे आणि रबरी पाइप विकतो, बदलून देतो आणि जे बाजारातून गायब झालेत ते बनवून घेतो. बाकी काही करत नाही. इंजिन उतरवत नाही, डेंटिंग-पेंटिंग नाही, टायर नाहीत. नुसत्या रबरावर धंदा चालतो का, असं ओळखीचे लोक अजूनही विचारतात. चालतो. फक्त तो उभा राहायला वेळ लागतो.

सुरुवात साध्या गॅरेजनं झाली. मी आणि धाकटा भाऊ, दारात येईल ती गाडी घ्यायचो. हळूहळू डोंगरात, नदीपात्रात, चिखलात गाड्या घालणारी मंडळी यायला लागली. त्यांच्या गाड्या जुन्या, पण खर्च करायची हौस दांडगी. बंपरवर कोरी विंच, छतावर दिव्यांची रांग, नवे स्प्रिंग, नवे शॉकअब्सॉर्बर. आणि बॉनेट उघडलं की कारखान्यातून आलेलाच वरचा रेडिएटर पाइप, बोटांनी दाबला की आतून कुरकुरणारा. फॅनच्या पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकचकीत. ही गाडी दोन दिवसांनी, जिथे टो करायलाही कोणी पोचणार नाही अशा ठिकाणी जाणार असायची.

रस्त्यावरच्या गाडीपेक्षा या गाड्यांचं रबर जास्त सोसतं, हे आम्हाला काम करता करताच कळलं. लो रेंजमध्ये, म्हणजे अवघड चढासाठीच्या हळू गिअरमध्ये, गाडी माणसाच्या चालीनं चढते, पण इंजिन जोरात फिरत असतं. समोरून वारा नाही, म्हणजे रेडिएटर थंड ठेवायचं सगळं ओझं फॅनवर, आणि जुन्या गाडीत फॅन पट्ट्यावर. दगडावर चाक अडकून सुटलं की इंजिन माउंटिंगवर हिसका खातं, आणि रेडिएटर चासीला घट्ट असल्यामुळे तो हिसका मधल्या पाइपाला बसतो. चिखल पुलीच्या खाचेत वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. सपाट रस्त्यावर आणखी दोन वर्षं निघाली असती असा पट्टा इथे एका पावसाळ्यात संपतो.

फक्त पट्टे आणि पाइप करायचं ठरवलं ते पार्ट नंबरच्या गोंधळामुळे. गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असते. मूळ डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आलेला, कोणी एसीचा कॉम्प्रेसर बसवलेला, कोणी इंजिनच दुसरं टाकलेलं. पुस्तकातला नंबर सांगून मागवलेला पट्टा मग दोन बोटं आखूड निघतो किंवा अ‍ॅडजस्टर शेवटपर्यंत ओढूनही ढिला राहतो. दुकानदार म्हणणार, नंबर बरोबर आहे. गिऱ्हाईक म्हणणार, पट्टा चुकीचा आहे. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून आम्ही नंबर विचारणं सोडलं आणि पुली बघायला लागलो. काढलेल्या पट्ट्यावरून माप घ्यायचं नाही, तो ताणून लांब झालेला असतो. अ‍ॅडजस्टर आतल्या बाजूला आणायचा, पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवून लांबी घ्यायची आणि अ‍ॅडजस्टर बाहेर जायला जागा ठेवायची. रुंदी तर त्याहून महत्त्वाची. व्ही-पट्टा पकड घेतो ती दोन्ही बाजूंनी, तळानं नाही. पुली १३ मिमीच्या पट्ट्याची आणि त्यात १० मिमीचा घातला तर तो खाली बसतो, तळाला घासतो आणि सुटतो. आवाज येतो म्हणून मालक आणखी ताणतो, आणि मग पट्ट्याऐवजी वॉटर पंपाचं बेअरिंग जातं. चांगला पट्टा पुलीच्या काठाशी सपाट किंवा किंचित वर दिसतो. काढलेल्या पट्ट्याचा तळ चमकत असेल तर एक तर पट्टा अरुंद होता, नाही तर पुलीच झिजली आहे. पुली झिजलेली असेल तर नवा पट्टा विकायचा नाही, हा नियम भावाचा. गिऱ्हाइकं त्याच्यावर चिडतात, पण परत येतात.

नव्वदीच्या आसपासच्या गाड्यांत बरगड्यांचा चपटा पट्टा आला. त्याच्या पाठीवरच सगळं लिहिलेलं असतं: ६पीके१२०० म्हणजे ६ बरगड्या, पीके हे बरगडीच्या आकाराचं नाव, लांबी १२०० मिमी. वाचायला सोपा, पण झीज ओळखायला अवघड. जुने निओप्रीनचे पट्टे तडकायचे, तडे दिसले की बदला इतकं सरळ होतं. नवे ईपीडीएम रबराचे पट्टे बराच काळ तडकत नाहीत, त्यांच्या बरगड्या टायरसारख्या झिजतात. वरून पट्टा नव्यासारखा, आणि पाण्यातून गेलं की घसरतो. त्यासाठी खाचेत बसवून बघायचं छोटं प्लास्टिकचं गेज मिळतं. ते आम्ही प्रत्येक बरगडीच्या पट्ट्याबरोबर फुकट देतो. आवाज बंद करायचा स्प्रे मात्र ठेवत नाही. तो आवाज घालवतो, कारण तसंच राहतं.

पाइपांचं शिक्षण जास्त रंजक होतं. काढलेला प्रत्येक पाइप उभा चिरून बघायची सवय आम्ही लावून घेतली. बाहेरून काळा, गुळगुळीत, तरी आत टोकांपाशी लांबट बारीक चिरा. कूलंट, इंजिनचा धातू आणि रबरातला कार्बन मिळून बॅटरीसारखी क्रिया होते, रबर आतून उभं चिरत जातं आणि पाणी रबराच्या आतल्या विणीच्या धाग्यापर्यंत पोचतं. हे बहुतेक टोकांच्या दोन इंचांत घडतं. त्यामुळे पाइप मधोमध दाबून ‘चांगला आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. थंड इंजिनवर आधी मध्ये दाबा, मग क्लिपच्या शेजारी. शेजारी जास्त मऊ लागला, आत फट जाणवली, की तो पाइप गेला. तेल गळणाऱ्या इंजिनात वेगळाच प्रकार. तिथे पाइप फुगून लिबलिबीत होतो, कारण ईपीडीएमला तेल चालत नाही. तो बदलण्याआधी गळती बंद करा, असं आम्ही बिलावरच लिहून देतो.

खालच्या पाइपाकडे कोणी बघत नाही. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत स्प्रिंग घातलेली असते. स्प्रिंग गंजून संपली किंवा नव्या पाइपाबरोबर आलीच नाही, तर इंजिन जोरात फिरताना पाइप आत दबतो आणि पाणी अडतं. गाडी दारात उभी असताना तापमानाचा काटा जागच्या जागी, चढ लागला की वर. अशा गाड्यांचे थर्मोस्टॅट बदलून झालेले असतात, रेडिएटर साफ करून झालेला असतो, मग त्या आमच्याकडे येतात. भाऊ अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, मी खाली बघतो. पाइप डोळ्यांदेखत चपटा होतो. मालकाला वाकून बघायला लावलं की पुढचं बोलावं लागत नाही.

सगळ्या पाइप-पट्ट्यांचा पूर्ण सेट विकायला लागलो तेव्हा सर्वांत जास्त वाद झाले. “भाऊ, फुटला तेवढाच द्या, बाकीचे काढतील अजून दोन वर्षं.” हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. त्याला उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. ०.९ बार (बार हे दाबाचं माप) दाब धरणारं झाकण असेल तर नुसतं पाणीसुद्धा १०० ऐवजी साधारण ११८ अंशांवर उकळतं. त्यासाठीच तो दाब असतो. पाइप गळत होता तोवर दाब पुरता चढतच नव्हता. गळका बदलला की पूर्ण दाब पुन्हा उभा राहतो आणि त्याच वयाच्या पुढच्या पाइपावर येतो. बहुधा हीटरच्या, किंवा पंपाजवळच्या त्या बोटभर बायपास पाइपाच्या, जो काढायला हात शिरत नाही. तरीही एकच पाइप मागणाऱ्याला आम्ही एकच देतो. आमचं काम सांगायचं, ऐकायचं की नाही ते त्याच्यावर. आणि हो, पाइप नवे घातले म्हणून जास्त दाबाचं झाकण लावणाऱ्यांनी आपल्या रेडिएटरचं वयही बघावं.

सेटच्या डब्यात काय असावं हे हळूहळू ठरत गेलं. वरचा, खालचा, बायपास, हीटरचे दोन, नव्या क्लिपा, पट्टा किंवा पट्टे. जोडीनं चालणारे पट्टे नेहमी एकाच बॅचचे, कारण एक नवा आणि एक जुना घातला तर सगळं वजन नवा ओढतो. अल्टरनेटरच्या अ‍ॅडजस्टरचा बोल्ट आम्ही नंतर घातला. तो गंजून बसलेला असतो आणि पट्टा बदलायच्या कामातला अर्धा वेळ तोच खातो. पूर्वी खोल पाण्यात उतरण्याआधी फॅनचा पट्टा काढून ठेवायची पद्धत होती. फॅनची पाती पाण्यात वाकून रेडिएटरवर घासू नयेत आणि पाणी उडून इग्निशन भिजू नये म्हणून. त्याच पट्ट्यावर पंप असेल तर इंजिन फार वेळ चालवता येत नाही, हे खरं. पण ज्याचा बोल्ट हातानं सुटत नाही, त्याला नदीकाठी हा पर्यायच नाही.

डब्यात एक कागदही असतो. तो भावाच्या बायकोनं लिहिला. ती हिशेब बघते आणि फोनवर येणारे तेच तेच प्रश्न ऐकून कंटाळली होती. इंजिन गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका. बॅटरीची वायर काढा. जुना पाइप चिकटला असेल तर पक्कडीनं ओढू नका, स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, पितळी नळीचं तोंड वाकतं. चाकूनं पाइपच उभा चिरा आणि सोलून काढा. नळीवरची पांढरी खरपुडी घासून साफ करा. नवा पाइप पाण्यानं ओला करून चढवा, ग्रीस लावू नका. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. पट्टा सर्वांत लांब मोकळ्या भागात अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे, आणि थोडा चालल्यावर पुन्हा ताणायचा. हीटर उघडा ठेवून पाणी भरा, शक्य असेल तर गाडीचं तोंड चढाकडे करून. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, ते गोड लागतं आणि कुत्रं-मांजर पिऊन मरतं. हा कागद आल्यापासून फोन कमी झाले.

निळ्या सिलिकॉनच्या पाइपांवर आमचं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. उष्णता ते उत्तम सोसतात, वर्षानुवर्षं टिकतात. पण कुठे कापले गेले की चीर पटकन वाढते, आणि झाडाझुडपांतून जाणाऱ्या गाडीत कापलं जाण्याची भीती असतेच. साध्या खाचांची क्लिप त्यात रुतते, आतून सपाट असलेलीच लागते. पेट्रोल-डिझेलच्या किंवा तेलाच्या लाइनला साधं सिलिकॉन अजिबात नको. आम्ही विकतो, पण हे सगळं सांगून. इंधनाचे पाइप वेगळ्या रबराचे, ब्रेकचे त्याहून वेगळे. ब्रेकचे पाइप आम्ही बनवत नाही, फक्त कंपनीचे सीलबंद देतो. तिथे प्रयोग नाही.

टायमिंग बेल्टबाबतही, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणाऱ्या पट्ट्याबाबतही, असंच. टोयोटाच्या जुन्या टू-एच डिझेल इंजिनात त्याजागी गिअर होते, काळजी नव्हती. १९९० च्या लँड क्रूझर ८० मालिकेतल्या वन-एचझेड इंजिनाला पट्टा आहे, आणि त्याची आठवण द्यायला डॅशवर टी-बेल्टचा दिवा दर १,००,००० किमीला लागतो. जुन्या गाडीत किती आकडे खरे आणि दिवा कोणी कधी रिसेट केला, हे कोण सांगणार? मागच्या कामाचं बिल नसेल तर पट्टा जुना धरायचा. तो आम्ही टेन्शनरशिवाय, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीशिवाय, विकत नाही. पट्टा नवा आणि टेन्शनरचं बेअरिंग जुनं, हे पैसे वाचवणं नव्हे.

सगळ्यात स्वस्त माल मात्र सर्वांत उशिरा आमच्या यादीत आला: अ‍ॅक्सलच्या ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करू देणाऱ्या भोकाचा, पाइप. चढ चढून अ‍ॅक्सलमधलं डिफरन्शियल (चाकांना जोर वाटून देणारे गिअर) तापलेलं असतं, गाडी थंड पाण्यात उतरते, आतली हवा आकसते. ब्रीदर बंद किंवा फाटलेला असेल तर ती ओढ सीलमधून किंवा पाइपातून पाणीच आत घेते, आणि पुढच्या वेळी तेल कॉफीच्या रंगाचं निघतं. हातभर जास्त पाइप लावून तोंड बॉनेटखाली उंच नेलं की काम झालं. आता तो प्रत्येक सेटमध्ये असतो.

धंदा वाढला तसं गोदाम आलं, आणि गोदामात रबर म्हातारं होतं हे ध्यानात ठेवावं लागलं. माल थोडा आणतो, आधी आलेला आधी देतो, तारखेची चिठ्ठी प्रत्येक पुडक्यावर. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर तिथून लांब हलवले, कारण त्यांच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेलं रबर त्यानं तडकतं. पट्टे खिळ्याला टांगत नाही, सैल वेटोळं करून फळीवर ठेवतो.

सध्या जास्त वेळ जातो तो बंद झालेल्या वाकड्या पाइपांमध्ये. कच्चं रबर लोखंडी साच्यावर चढवून वाफेत शिजवतात तेव्हा त्याला कायमचा आकार येतो. कारखाना थोड्या नगांसाठी साचा करत नाही, म्हणून एकाच मॉडेलच्या मालकांची मागणी साठवून एकदम ऑर्डर देतो. चार-पाच आकार असे मार्गी लागलेत, काहींना अजून पुरेशी नावं नाहीत. ज्यांना असा पाइप हवा असेल त्यांनी जुना फेकू नये. कितीही फाटलेला असला तरी पाठवावा, आणि कुठलं टोक इंजिनकडचं ते खडूनं लिहून पाठवावं.