नव्या जागी रानवाटा शोधताना घोडं अडतं ते वाटेच्या तोंडाशी

नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर आसपासच्या टेकड्या, तळी, रानवाटा यांची यादी करणं हल्ली एका संध्याकाळचं काम आहे. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर घराभोवतीचा पंधरा-वीस किलोमीटरचा पट्टा उघडायचा, तुटक रेघा म्हणजे पायवाटा बघायच्या, त्यातल्या गाडीरस्त्याला किंवा बसथांब्याला येऊन मिळणाऱ्या टिपून ठेवायच्या. यावर जास्त लिहीत नाही. खरा प्रश्न असतो तो पहिलं पाऊल नेमकं कुठून टाकायचं आणि तिथून आत जायची मुभा आहे का, याचा. माझा बहुतेक वेळ आणि सगळी चिडचिड तिथेच खर्च झाली.

पहिला घोळ नेव्हिगेशन ॲप घालतं. टेकडीचं किंवा राखीव क्षेत्राचं नाव टाकलं की पिन बहुतेक वेळा त्या क्षेत्राच्या मध्यावर पडते. मग ॲप त्या पिनेला सरळ रेषेत सगळ्यात जवळ असलेल्या गाडीरस्त्यावर आणून सोडतं. मध्ये नदी आहे की कडा की उंच कुंपण, ते बघत नाही. नकाशावर तीनशे मीटर आणि प्रत्यक्षात डोंगराची दुसरी बाजू, असा प्रकार होतो. म्हणून जागा नावाने शोधूच नये. तुटक रेघ रस्त्याला जिथे मिळते, त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि तेच ॲपमध्ये टाकावेत. दशांश अंशांत चिन्हानंतर पाच आकडे पुरतात. पाचवा आकडा साधारण एक मीटरचा फरक दाखवतो. मात्र अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत करू नका. 40 अंश 30 मिनिटं म्हणजे 40.5, 40.30 नव्हे. अक्षांशात एवढी चूक झाली तर माणूस बावीस किलोमीटर भलतीकडे जातो.

दुसरा घोळ जीपीएक्स फायलींचा, म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएसने केलेली नोंद साठवणाऱ्या फायलींचा. इतरांनी चालून टाकलेला ट्रॅक म्हणजे पुरावा, असं वाटतं. पण अनेक ट्रॅकची सुरुवात खरी नसते. स्ट्राव्हासारख्या चालणं-धावणं नोंदवणाऱ्या ॲपवर खासगीपणासाठी ट्रॅकची दोन्ही टोकं लपवता येतात. त्यामुळे रेघ एकदम झाडीच्या मध्यात उगवते आणि आपल्याला हवा असलेला तुकडाच नेमका गायब असतो. एकाच वाटेचे चार-पाच ट्रॅक एकावर एक ठेवून बघा. लपवलेलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे रस्त्याला सगळ्यात जवळ पोचणारा ट्रॅक बहुधा खरं तोंड दाखवतो. जो ट्रॅक लांबवर पट्टीने आखल्यासारखा सरळ जातो, तो एकतर घरी बसून काढलेला असतो किंवा तिथे सिग्नल गेलेला असतो. चाललेल्या माणसाची रेघ थोडी थरथरते.

आता तिसरा आणि सगळ्यात चिवट घोळ : फाटक. नकाशा बरोबर, ट्रॅक बरोबर, आणि वाटेच्या तोंडाशी कुलूप. पाटी असते, पण तिच्यावर जमीन कोणाची ते लिहिलेलं नसतं. जुन्या ठिकाणची सवय इथे उपयोगाची नाही, कारण चालण्याचा हक्क देशागणिक बदलतो. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने वावरायचा हक्क सगळ्यांना आहे. शेजारच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदवलेल्या सार्वजनिक पायवाटा आणि ठरवून दिलेले मोकळे माळ सोडले, तर आत जायला सहसा मालकाची परवानगी लागते. एकाच बेटावर इतका फरक असेल, तर नव्या मुलखात काहीही गृहीत धरू नये.

नकाशातच थोडी माहिती दडलेली असते. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर रेघेची माहिती विचारायचं बटण आहे. त्यात ‘अ‍ॅक्सेस’ या नोंदीपुढे ‘प्रायव्हेट’ किंवा ‘नो’ असेल तर विषय संपला. ‘परमिसिव्ह’ म्हणजे मालकाने सध्या जाऊ दिलंय, उद्या नाकारू शकतो. नोंदच नसेल तर त्याचा अर्थ ‘खुली’ असा होत नाही. कोणी भरली नाही, एवढाच होतो. शेवटचा बदल कधी झाला तेही तिथेच दिसतं. आठ-दहा वर्षं हात न लागलेल्या रेघेवर विसंबून निघू नका.

यानंतर त्या जागेची देखरेख करणारं कार्यालय गाठणं आलं, आणि माझा राग आहे तो इथला. मी गेलो त्या कार्यालयाने संकेतस्थळ बघायला सांगितलं. संकेतस्थळावरच्या अर्जात प्रवेशद्वाराचा क्रमांक भरणं सक्तीचं. तो क्रमांक ना अर्जाच्या माहितीत, ना कार्यालयाच्या नकाशात. तो फक्त त्या फाटकाच्या खांबावर रंगवलेला. म्हणजे परवानगीचा अर्ज भरण्यासाठी आधी फाटकाशी जाऊन या! फोनवर विचारलं तर प्रत्येक वेळी वेगळा माणूस आणि वेगळं उत्तर. ज्यांच्यासाठी ही वाट राखली, त्यांनाच तिचा क्रमांक माहीत नसावा, ही व्यवस्था मला आजही पटत नाही. एक रकाना सुधारला असता तर कितीतरी लोकांची खेप वाचली असती.

म्हणून माझा ठाम सल्ला : चालायचा दिवस आणि पाहणीचा दिवस वेगळे ठेवा. पाहणीला पाठीवर सॅक नको. फाटकाशी जायचं, पाटीचा अक्षरं वाचता येतील असा जवळून फोटो घ्यायचा, खांब आणि फाटकाची मागची बाजूही बघायची, कारण क्रमांक कधी आतल्या बाजूला असतो. बंद व्हायची वेळ, कुत्र्यांना मनाई, ठरावीक महिन्यांतली बंदी हे सगळं टिपायचं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात किंवा वणव्याच्या दिवसांत एरवी खुल्या वाटाही बंद होतात.

मग कार्यालयाला लेखी विचारायचं, आणि तेही ‘तिथे जाता येतं का’ असं मोघम नाही, तर उत्तर देणाऱ्याला टाळता येणार नाही असं नेमकं. सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू, तारीख, वेळ, माणसं किती, पायी की सायकलने. आणि मग तीनच प्रश्न : परवानगी लागते का, कोण देतं, किती दिवस आधी मागायची. सोबत फाटकाचा फोटो. अशा पत्राला उत्तर मिळतं, आणि उत्तर लेखी असल्यामुळे फाटकावर दाखवता येतं. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

फोनवरून आठवलं. विमान मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण फोन उपग्रहांचा सिग्नल फक्त ऐकतो. मात्र नेटवर्कची मदत नसेल तर उपग्रहांकडून त्यांच्या कक्षेची माहिती यायला साधारण अर्धा मिनिट लागतं आणि दाट झाडीखाली बराच जास्त वेळ. म्हणून फाटकाशी मोकळ्या आकाशाखाली उभं राहून निळा ठिपका स्थिर झाला की मगच आत शिरा. नकाशा आदल्या दिवशीच उतरवून ठेवलेला हवा.

प्रत्यक्ष चालण्याबद्दल थोडंच. वेळेचा अंदाज 1892 च्या नेस्मिथच्या नियमाने काढा : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आठ किलोमीटर आणि 600 मीटर चढ म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटं. यात थांबे धरलेले नाहीत. अनोळखी वाटेवर मी त्यात निम्मी भर घालतो. ढोरवाटा दिसल्या की सावध व्हा. त्या सुरुवातीला मुख्य वाटेपेक्षा ठसठशीत असतात, उताराला आडव्या समांतर धावतात, फाटे फुटत जातात आणि चरणीच्या जागी विरून जातात. फाट्यावरून पन्नास पावलं गेल्यावर ठिपका रेघेवर आहे का ते बघायचं. नसेल तर फाट्यावर परत यायचं, मधून तिरकं कापायचं नाही.

खरं तोंड सापडलं की ते ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. मोफत खातं लागतं आणि पाच मिनिटं. फाटकाचा बिंदू जागेवर टाका, ‘अ‍ॅक्सेस’ची नोंद आणि उघडायची वेळ स्वतः वाचलेल्या पाटीवरून भरा, आणि पाटीवर क्रमांक असेल तर तो ‘रेफ’ या रकान्यात घाला.