पास्ता नाही, वांगं नाही, आणि चीज तळाच्या कप्प्यात

बोलोन्याहून निघताना माझ्या बॅगेत एक किलो चीज होतं. ते चीज आता म्हापशाला आमच्या फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात आहे. एरवी तिथे इसवण किंवा बांगडे असतात. श्रावणात तो कप्पा रिकामा, धुऊन पुसून ठेवलेला. चीजची रवानगी तिथे का झाली, ते ओघात येईलच.

आठ वर्षं झाली मला इटलीत. ऑगस्टमध्ये बोलोन्या ओस पडतं. १५ ऑगस्टला त्यांचा फेरागोस्तो असतो, त्याच्या आगेमागे अर्ध्या दुकानांच्या दारावर ‘सुट्टीवर आहोत’ अशी चिठ्ठी लागते. मग मीही घर गाठते. इकडे तेव्हा पाऊस, श्रावण आणि चवथीची तयारी. म्हणजे मी नेमकी अशा वेळी येते की गोव्यात येऊन मासे नाहीत. बोलोन्यातल्या माझ्या घरमालकीणबाईंना हे गेल्या आठ वर्षांत पटलेलं नाही.

या खेपेला ठरवून आले होते की बाबांना लझानिया, म्हणजे पास्त्याच्या पट्ट्यांचे थर लावून भाजतात तो पदार्थ, खायला घालायचा, तोही बिनपास्त्याचा. बाबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी भात जेवणाला एक वाटीवर आणलाय. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, त्यांनी लगेच विचारलं, “कुठली वाटी? आणि सपाट की शिगोशीग?” डॉक्टरांनी हसून विषय बदलला, आणि बाबांनी त्याचा अर्थ शिगोशीग असा लावला. वर ‘उकड्या तांदळाला साखर नसते’ हा त्यांचा सिद्धांत आहेच. उकडा पचायला थोडा हळू असेल, पण शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतंच, मग तांदूळ पेडण्याचा असो नाहीतर बासमती.

लझानियाच्या कोरड्या पट्ट्यांचं गणित तर याहून वाईट. १०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या वर. त्यात मधला पांढरा सॉस, म्हणजे बेशामेल: अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम मैदा. दुधाची साखर आणि मैदा मिळून आणखी ६० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसत्या पट्ट्या काढून भागत नाही. बरेचजण इथेच फसतात: पास्त्याच्या जागी भाजी घालतात आणि मधे मैद्याची खळ तशीच ठेवतात.

बोलोन्यात हे कुणासमोर बोलायची सोय नाही. तिथे जेवण नोंदणीकृत असतं. खरंच. १९७२ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये ताल्यातेल्ले नावाच्या पट्टीदार पास्त्याची रुंदी नोंदवली आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. नमुना म्हणून सोन्याची एक पट्टीही ठेवली आहे. हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी मनोऱ्याची उंची विचारली. मी म्हटलं ९७.२ मीटर. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज. “७.९२ येतं. बरोबर आहे,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून इटलीबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. लझानियाची कृती तिथे २००३ मध्ये नोंदवली गेली. पालक घातलेल्या हिरव्या पट्ट्या, रागू म्हणजे खिम्याचा दाट सॉस, बेशामेल आणि पार्मिजानो रेज्जानो हे चीज. खिमा कसला ते मी आमच्या आजीला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायचा विचारही नाही.

तर पास्त्याला सोडचिठ्ठी दिली. त्या जागी मी मनात धरली होती वांगी. पातळ उभे काप, भाजून, टोमॅटो आणि चीजबरोबर थर लावलेले. दक्षिण इटलीत हा पदार्थ जुनाच आहे, त्याला पार्मिजाना म्हणतात आणि कुणी त्याला लझानियाची नक्कल समजत नाही. आपल्याकडे आगशीची वांगी आहेतच, जाडजूड, गराळ, बिया कमी. कापांसाठी याहून चांगलं वांगं मला बोलोन्यात मिळत नाही.

“वांगं?” आजी म्हणाली. “चातुर्मासात?”

विसरलेच होते. कांदेनवमी मी यायच्या आधी महिनाभर होऊन गेली होती. आषाढी ते कार्तिकी आजीला कांदा, लसूण आणि वांगं वर्ज्य. बाकीच्या घराचा नेम श्रावणापुरता, गणपती पोचवले की मासे सुरू. पण स्वयंपाक एकाच ओट्यावर होतो, आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईसाठी वेगळं काही करण्यापेक्षा सगळ्यांनी तिचं खावं अशी आमच्याकडची पद्धत आहे.

बरं, वांगं नाही, कांदा नाही, लसूण नाही. निदान चीज तरी होतं. मी मोठ्या कौतुकाने ते बाहेर काढलं. तेच ते पार्मिजानो, चोवीस महिने मुरलेलं, कडेच्या सालीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. हे चीज तिथे कापत नाहीत, बदामाच्या आकाराच्या बुटक्या सुरीने फोडतात, म्हणजे त्याचे दाणेदार कपचे निघतात. बाबांनी विचारलं, “याच्यात ते कार्ब किती?” मी म्हटलं, जवळजवळ शून्य. त्यांनी चीजकडे जरा वेळ पाहिलं.

आजीने हात लावून वास घेतला आणि विचारलं, “दूध कशाने फाडतात गो?”

जन्मभर दूध नासवून, विरजून, लोणी काढून झालेल्या बाईला हाच प्रश्न पडणार. माझ्या लक्षात आलं की आता खोटं तरी बोलायला हवं किंवा चीज तरी गमवायला हवं. पार्मिजानोत दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट नावाचं द्रव्यच लागतं, नियमच आहे तसा, दुसरं वापरलं तर ते नाव लावता येत नाही. मी खरं सांगितलं. आजी काही बोलली नाही. उठली, हात धुतले, आणि तेवढ्यात आईने ते चीज वर्तमानपत्रात गुंडाळून तळाच्या कप्प्यात टाकलं.

त्या जागी आलं बाजारातलं आपलं मोझरेला. पाकिटावर हिरवा ठिपका आहे हे आजीने चष्मा लावून बघितलं.

आता थरांसाठी काय? सुपरमार्केटमध्ये झुकिनी होती. तीन नग, प्लॅस्टिकात गुंडाळलेले, एकाचं बूड मऊ पडलेलं, आणि भाव असा की आईने पाकीट परत ठेवताना आवाज केला. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. श्रावणातला तो बाजार बघावा. पातोळ्यांसाठी हळदीची पानं, तायकिळ्याच्या जुड्या, फागलां, सात शिरांची भेंडी, हातभर लांब काकड्या. एका बाईकडे कोवळे दुधी होते, देठाला अजून लव असलेले. नख सहज रुतलं. “कितें करतली?” तिने विचारलं. मी सांगायला लागले, तर तिने मधेच हात केला आणि आणखी एक दुधी पिशवीत टाकला, बहुधा कीव येऊन.

दुधी आणि झुकिनी एकाच कुळातले, आणि दोघांत पाणी पंचाण्णव टक्क्यांच्या घरात. कार्बोहायड्रेट १०० ग्रॅमला तीन-चार ग्रॅम. कागदावर उत्तम. पण सगळी कर्मकथा त्या पाण्यातच आहे.

पहिला प्रयत्न मी उत्साहात केला. काप कापले, थर लावले, भाजायला ठेवलं. पाऊण तासाने भांड्यात तळं साचलं होतं आणि त्यात चीज तरंगत होतं. आईने त्यात वाटलेलं खोबरं घालून त्याची संध्याकाळी भाजी केली. चांगली झाली होती.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. काप आईने आदोळीवर, म्हणजे विळीवर, काढले. दुधी उभा धरून वरून खाली, एकसारखे. मला हे सुरीनेही जमत नाही. बाबा पोलादी पट्टी घेऊन शेजारी बसले होते. तीन मिलिमीटर ठरलं: दोनचे काप तव्यावर विरतात, चारचे वाकत नाहीत. बियांचा मधला भाग बाजूला काढला, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथेच असतं. कापांना मीठ चोळून चाळणीत अर्धा तास ठेवले. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, कोशिंबिरीला सुटतं तसंच. मग पंचात गुंडाळून दाबले. आणि त्यानंतरही, हे सगळ्यात महत्त्वाचं, बिड्याच्या तव्यावर थेंबभर तेलात दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजले. दोन दुधींचे काप भाजायला तास गेला. पास्ता पाच मिनिटांत उकडतो, ही त्याची खरी मिजास.

टोमॅटो असेच आटवले, डावाने रेघ ओढली तर ती मिटायची नाही इतके. कांदा-लसणीच्या जागी हिंग आणि मिरपूड. ओरेगॅनो मी आणला होता, पण आईने मागीलदारी कुंडीतल्या पान ओव्याची चार पानं चुरडून टाकली आणि मला तो फरक फार कळला नाही. दोन्हींचा तो तिखट वास बऱ्याच अंशी सारख्याच तेलांचा आहे. पालकाऐवजी तांबडी भाजी, परतून पिळून घेतलेली. बेशामेलच्या जागी छेना: दीड लिटर दूध लिंबाने नासवलं, दुधातली बरीचशी साखर त्या पाण्याबरोबर निघून जाते, आणि उरलेलं दोन चमचे साय घालून लावता येईल इतकं घोटलं. जायफळ किसलं. जायफळ बोलोन्यातही घालतात. या सगळ्या प्रकारात तेवढं एक कुणाच्या आक्षेपाशिवाय टिकलं.

मग थर. खाली टोमॅटो, त्यावर दुधीचे काप, छेना, तांबडी भाजी, पुन्हा टोमॅटो. पुढच्या थरात काप आडवे. हे बाबांनी सुचवलं, नाहीतर कापताना सगळं एका दिशेने घसरतं. असे चार थर. वर मोझरेला.

आमच्याकडे ओव्हन नाही. शेजारच्या आंटीकडे आहे. नाताळात तिच्याकडून बिबिंका आणि दोदोल येतो, चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात, त्यामुळे मधल्या काळात भांडं घेऊन तिच्या दारात उभं राहायला लाज वाटत नाही. बिबिंका करणाऱ्या बाईला थर शिकवायचे नसतात. तिच्या आईच्या वेळी झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवून वरून आच देत, एक थर रंगला की दुसरा ओतायचा. तिने माझं भांडं बघितलं, तिरकं करून कडेला पाणी सुटतंय का ते तपासलं आणि १९० अंशांवर ठेवलं. शेवटची पाच मिनिटं वरच्या जाळीवर. पस्तीस-चाळीस मिनिटांत वर तांबूस फोड आले. मी सुरी पुढे केली तर म्हणाली, “थंड जावं दी, मागीर काप.” वीस मिनिटं तिने मला हात लावू दिला नाही. पहिल्या वेळी मी हेही चुकवलं होतं. गरम असताना छेना पातळ असतो, निवताना तो धरतो.

घरी आणून कापलं. चौकोन उभा राहिला. कापलेल्या बाजूला चारही थर मोजता येत होते, तांबड्या भाजीने छेना गुलाबी झालेला. मी फोटो काढून बोलोन्याला पाठवला. घरमालकीणबाईंचं उत्तर आलं: सुंदर आहे, याचं नाव काय? लझानिया नाही, एवढं त्यांनी गृहीतच धरलं होतं. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. पास्ता गेला, रागू गेला, बेशामेल गेला, पार्मिजानो गेला. त्याला लझानिया म्हणत राहणं म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाला बिबिंका म्हणण्यासारखं. पण दुधीचा पदार्थ म्हणून माझ्या पाहण्यात याच्या जवळ जाणारं काही नाही, आणि दुधी हा शब्द ऐकून ज्यांचा चेहरा पडतो त्यांच्यापैकी मी एक आहे.

आजीने एक तुकडा संपवला आणि अर्धा मागितला. म्हणाली, मीठ कमी आहे. आईचं म्हणणं, कार्तिकीनंतर कांदा घालून करू. बाबांनी दोन तुकडे खाल्ले, आणि त्याबरोबर एक वाटी भात, शिगोशीग. त्यांची साखर किती आली ते म्हणूनच लिहीत नाही.

काल रात्री पाणी प्यायला उठले. फ्रीज उघडला तर तळाच्या कप्प्यातलं वर्तमानपत्र वेगळ्या घडीचं होतं. उलगडून बघितलं. चीजचा एक कोपरा गायब. फोडलेला नाही, कापलेला. कड इतकी सरळ की पट्टी लावल्यासारखी.