एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर

गर्भनिरोधक गोळी बदलायची म्हणजे मेडिकलमधून वेगळं पाकीट आणायचं आणि सुरू करायचं, असं बऱ्याच जणी धरून चालतात. माझा पहिला बदल जवळजवळ तसाच झाला. ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असलेली कंबाइन्ड गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही हार्मोन एकत्र असलेली, चालू होती; २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. मळमळ रात्री जेवणानंतर घेतल्याने आटोक्यात आली, पण स्तन दुखायचे ते दुखायचेच. डॉक्टरांनी २० मायक्रोग्रॅमची लिहून दिली. जुनं पाकीट संपल्यावर सुट्टी न घेता दुसऱ्या दिवशी नवं उघडलं, मधेअधे रक्ताचे डाग दिसले, मग थांबले. १९६० साली अमेरिकेत जी पहिली गोळी मंजूर झाली तिच्यात १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन असायचं म्हणे! त्या बायकांनी काय सोसलं असेल ते त्याच जाणोत.

दुसऱ्या बदलाचं कारण वेगळंच निघालं. मायग्रेन मला कॉलेजपासून आहे. पण एकदा वाचत बसले असताना ओळीच्या मधली अक्षरं दिसेनाशी झाली. कडेला चमचमणारी नागमोडी रेघ उमटली आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकत गेली. अर्ध्या तासात ती विरली आणि नेहमीसारखं अर्धं डोकं ठणकायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं मला वाटलं. पुढच्या तपासणीत रक्तदाब मोजता मोजता डॉक्टरांनी विचारलं, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही येतं का?" मी रेघेचं सांगितलं.

"ही गोळी आजपासून बंद. उद्यापासून दुसरी."

डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे असं काही येतं त्याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो आणि इस्ट्रोजेनने त्यात भर पडते. डोस २० असो की ३०, अशा बाईने कंबाइन्ड गोळी घ्यायची नाही. मला मिळाली ती फक्त प्रोजेस्टोजेनची, म्हणजे मिनी पिल: डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम.

माझा पहिला प्रश्न होता, पाकीट अर्धवट आहे, मग पाळी येऊन गेल्यावर सुरू करू का? अजिबात नाही, म्हणाल्या. अंडाशय झोपून राहतात ते रोजच्या गोळीमुळे. सात दिवसांच्या सुट्टीत ते जागे व्हायला लागतात, आणि ती सुट्टी एक-दोन दिवसांनी लांबली तरी अंडं सुटू शकतं. गोळी बदलताना दिवस राहतात ते बहुतेक या फटीत. माझा पाकिटाचा तिसरा आठवडा चालू होता, गोळ्या एकही न चुकवता घेतलेल्या होत्या, त्यामुळे लगेच दुसऱ्या दिवशी नवी गोळी आणि वेगळी काळजी काही नाही. सुट्टी संपवून आले असते तर या गोळीसाठी पहिले दोन दिवस कंडोम वापरायला सांगितला असता. हे सगळं त्यांनी माझ्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. नुसतं तोंडी ऐकून घरी आले असते तर रात्रीपर्यंत निम्मं विसरले असते.

नव्या पाकिटात २८ गोळ्या, सगळ्या एकाच रंगाच्या, सगळ्या औषधाच्या. सुट्टी नाहीच. मागच्या बाजूला फॉइलवर वार आणि बाण छापलेले असतात, ते फार कामाचे. रात्री नऊला गजर लावला, नवऱ्याच्या फोनवरही. डेसोजेस्ट्रेलला बारा तासांपर्यंत उशीर चालतो. जुन्या प्रकारच्या मिनी पिलला जेमतेम तीन तास. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यायची. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सवरची काही औषधं चालू असतील तर ही गोळी नीट काम करत नाही, हे विचारल्यावर कळलं.

पाळीचं मात्र पार वेळापत्रक कोलमडलं. कंबाइन्ड गोळीवर सुट्टीत ठरल्या दिवशी जे रक्त जातं ती खरी पाळी नसतेच, हार्मोन थांबल्याने होणारा तो रक्तस्राव असतो. पण त्याच्या भरवशावर मी निर्धास्त असायचे. आता कधी चार दिवस डाग, मग काहीच नाही, मग ऐन प्रवासात पुन्हा. वैताग आला, खोटं कशाला बोलू. पहिले तीन महिने असं चालतं हे आधी सांगितलं होतं म्हणूनच टिकले. नंतर डाग विरळ झाले आणि पाळी जवळपास बंदच झाली. पहिल्यांदा थांबली तेव्हा घरी टेस्ट करून पाहिली, निगेटिव्ह. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे काहींना येतच नाही.

मायग्रेन अजून येतं, पण रेघ परत दिसलेली नाही. दिसली तर फोन करायचा, असं ठरलंय. कंबाइन्डची न उघडलेली पाकिटं एका मैत्रिणीने मागितली होती, वाया कशाला घालवतेस म्हणून. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणूनच मी दिली नाहीत, चार दिवस फुगून बसली होती.