मिटणारा चाकू

हत्यार गुपचूप असावं, असा आपला साधा हिशोब. स्पेनमधल्या जुन्या नवाखाचं उलटं आहे. ती उघडतानाच चारचौघांना सांगत सुटते. नवाखा म्हणजे मिटणारा चाकू. पात्याच्या मुळाशी करवतीसारखे दात कापलेले असतात. मुठीच्या पाठीवर पोलादाची एक लांब पट्टी ताणून बसवलेली असते आणि तिला एक भोक असतं. पातं बाहेर ओढलं की एकेक दात त्या भोकात पडत जातो आणि प्रत्येक दाताचा खट्ट आवाज येतो. नावाजलेल्या जुन्या नवाखा सात खटक्यांच्या. शेवटचा दात बसला की पातं जागेवरून हलत नाही, आणि मिटवायचं तर पाठीवरची कडी ओढून पट्टी उचलावी लागते. या खटक्यांच्या माळेला तिकडे कर्राका म्हणतात.

भांडायला निघालेला माणूस असला बोलका चाकू का बाळगेल, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. माझा अंदाज असा की दारूच्या गुत्त्यात निम्मी भांडणं त्या आवाजावरच मिटत असावीत. सातातले तीन खटके ऐकले की समोरच्याला घरची आठवण येत असेल. आपल्याकडे हिंदी सिनेमाने हेच काम रामपुरीकडून करून घेतलं. ज्यांनी उभ्या जन्मात रामपुरी हातात धरला नाही त्यांनाही त्याचा खटका ओळखू येतो. रामपूरने 2023 साली गावातल्या चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. स्पेनमधल्या अल्बासेते गावानेही आपल्या चाकूंचं स्मारक केलं आहे, पण तिथे भर चौकात चाकू नाही, चाकू विकणारा उभा आहे. मला हे जास्त आवडलं.

अल्बासेते हे ला मांचाच्या सपाट, कोरड्या प्रदेशातलं शहर. गव्हाची शेतं, द्राक्षाचे मळे आणि मेंढ्या. माद्रिदहून वेगवान गाडीने दीडेक तासात पोहोचता येतं. नोकरीच्या निमित्ताने आम्ही माद्रिदला राहायला आलो तेव्हा ऑफिसात कुणी सुट्टीला अलिकांतेच्या समुद्राकडे निघालं की वाटेतलं गाव म्हणून याचं नाव कानावर यायचं, आणि नाव निघालं की पाठोपाठ चाकू निघायचेच. रेल्वे इथे 1855 साली आली आणि चाकूवाल्यांना बसल्या जागी गिऱ्हाईक मिळालं. गाडी थांबली की कमरेच्या रुंद पट्ट्यात ओळीने चाकू खोचलेले विक्रेते फलाटावर, डब्यांच्या खिडक्यांशी फिरायचे. कर्जतला गाडी थांबली की आपण जसे वडे घेतो, तशा लोक इथे नवाखा घेत. पुतळा आहे तो या फिरत्या विक्रेत्याचा. आज त्याच गावात वेगवान गाडी पकडायची तर बॅग आधी स्कॅनरमधून जाते आणि पडद्यासमोरचा माणूस नेमकं तेच शोधत असतो जे या स्टेशनवर पिढ्यानपिढ्या विकलं गेलं.

गावात चाकूंचं संग्रहालय आहे. कॅथेड्रलच्या शेजारी, हिरव्या फरशांनी मढवलेल्या एका देखण्या जुन्या घरात ते 2004 पासून आहे. आत गेल्यावर पहिला धक्का लांबीचा बसतो. उघडल्यावर हातभर होणारे चाकू. खिशात कुठले मावणार, ते कमरेच्या शेल्यात खोचायचे. पितळेवर नक्षी, पात्यावर तेजाबाने कोरलेली वेलबुट्टी आणि मधूनच एखादं वाक्य. एक वचन फार प्रसिद्ध आहे : ही घोणस डसली तर औषधाच्या दुकानात उतारा नाही. स्पॅनिशमध्ये त्याला यमकही आहे. आपल्याकडे ट्रकच्या मागे जे साहित्य लिहिलं जातं त्याच घराण्यातलं हे.

या चाकूंवर बंदी घालणं हा अठराव्या शतकातल्या स्पॅनिश राजांचा आवडता उद्योग होता. फर्मानं पुन्हा पुन्हा निघाली, यावरून ती किती पाळली गेली ते कळतंच. तलवार सरदारांची, साध्या माणसाला ती परवडायचीही नाही आणि शोभायचीही नाही. त्याच्यापाशी आपला मिटणारा चाकू. त्यानेच भाकरी कापायची, त्यानेच दोर तोडायचा आणि वेळ आलीच तर अब्रूही त्यानेच राखायची. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार गोयाचं 1814 चं चित्र आहे. 2 मे 1808 ला माद्रिदचे लोक नेपोलियनच्या घोडेस्वारांवर तुटून पडले, तो प्रसंग. समोर वाकड्या तलवारी आणि पांढरा घोडा, अलीकडे रस्त्यावरच्या माणसांच्या मुठीत सुरे. त्या चित्रापुढे उभं राहिलं की चाकू हे गरिबाचं हत्यार म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पुढे प्रवासी आले, चित्रकार आले. त्यांना स्पेनमध्ये दरोडेखोर, जिप्सी नर्तकी आणि कमरेला नवाखा हवीच होती. मागणी एवढी की फ्रान्समधल्या थिएर या चाकूंच्या गावातूनही स्पॅनिश बाजारासाठी नवाखा बनून यायच्या. आज माद्रिदच्या पर्यटकी गल्लीत दहा-पंधरा युरोंची नवाखा उलटीसुलटी करून बघताना ती कुठून आली असेल असं मनात येतं खरं, पण ही तक्रार आत्ताची नाही.

मला हवी होती ती करणाऱ्याच्या हातून घेतलेली. दुकानात न जाता कारागिराकडेच का जायचं, याचं माझ्यापाशी आधी धड उत्तर नव्हतं. ते त्याच्या खोलीत मिळालं.

ऐरण, भाता, ठिणग्या अशी तयारी मनाशी करून गेलात तर निराशा होईल. अल्बासेते शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा, पट्ट्यांची ग्राइंडरं, धूळ ओढणारा मोठा पाइप आणि सतत चालू असलेला रेडिओ. पोलादाच्या पट्ट्या तयारच येतात. त्यातून पातं कापायचं, घासून उतार द्यायचा आणि मग पाणी द्यायचं. हे पाणी तेलात देतात. साधं कार्बनचं पोलाद असेल तर आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं. त्याने ते काचेसारखं कडक आणि काचेसारखंच ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा दोनशेच्या घरात ऊब देऊन त्याचा ताठा थोडा उतरवायचा. गंज न चढणाऱ्या पोलादाची गणितं वेगळी, भट्टी जास्त तापते.

मुठीसाठी त्याने खोकी उघडली. ऑलिव्हचं लाकूड, बॉक्सवुड, हरणाचं शिंग आणि बैलाचं शिंग. बैलाचं शिंग मुळात वाकडं. ते ऊब देऊन मऊ करतात आणि दाबून सपाट करतात, मग त्याच्या पट्ट्या निघतात. काळ्यातून सायीच्या रंगात उतरत जाणारी एक पट्टी इतकी सुंदर होती की मी ती खाली ठेवेना. त्याने दाखवायला तिची कड ग्राइंडरला लावली आणि खोलीभर केस जळाल्याचा वास पसरला. बायकोने नाकाला रुमाल लावला आणि मराठीत विचारलं, “हे आपण घरात आणणार?” आमचं देवघर स्वयंपाकघरातल्याच फडताळात आहे. मूठ ऑलिव्हची ठरली.

खटके किती, यावर मात्र मी अडलो होतो. एवढ्या लांब येऊन कर्राकाशिवाय परत जायचं? त्याने विचारलं, कापणार काय? चीज, ब्रेड, सफरचंद, असं मी सांगितलं. तेव्हा त्याने खांदे उडवले. मग टेबलावरच्या माणसांना घाबरवायचं कशाला, असा एकूण सूर होता. साध्या दाबाची, कुलूप नसलेली नवाखा घ्या म्हणाला. पात्याची लांबीही त्यानेच ठरवली. इथल्या कायद्यानुसार अकरा सेंटिमीटरच्या वरच्या पात्याची नवाखा घरात शोभेला किंवा संग्रहात ठेवता येते, खिशात घेऊन हिंडता येत नाही. मोजायचं मुठीच्या कडेपासून टोकापर्यंत. माझं पातं नऊचं.

मग तो जे करत बसला त्यासाठी मी पैसे दिले असं आता वाटतं. बाकावर दुसऱ्या कुणाचा तरी चाकू जुळणीला होता. पातं, पाठीची पट्टी आणि मुठीच्या दोन फळ्या कच्च्या खिळीवर अडकवलेल्या. त्याने पात्याच्या मुळाला काळ्या मार्करची शाई लावली, चाकू उघडला, मिटला, पुन्हा सोडवला. जिथे घासलं होतं तिथली शाई गेलेली. बरोबर तेवढ्याच जागी कानशीचा एक हात मारला. पुन्हा शाई, पुन्हा जुळणी. मग मिटलेला चाकू खिडकीसमोर धरून एक डोळा बारीक केला. पाठीची पट्टी आणि फळ्या यांच्यामधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. चाकू उघडा असो की मिटलेला, पाठ बोटाला एकसारखीच लागली पाहिजे. पट्टी कुठे वर आलेली नको, कुठे खाली गेलेली नको. पातं आत जाताना दोन्ही फळ्यांच्या बरोबर मधोमध, आणि टोक असं लपलेलं की खिशात हात घातला तर नखालाही लागू नये.

एवढ्यावर थांबला नाही. चाकू कानाशी नेऊन मिटला. पातं मिटताना त्याची धार आतल्या पट्टीवर आपटली तर आवाज कोरडा येतो, आणि दर वेळी धार थोडी थोडी मरते. पात्याच्या टाचेने आधीच टेकून धार अधांतरी राखली पाहिजे. त्याने मला दोनदा ऐकवलं. पहिल्या आवाजात आणि दुसऱ्यात मला काही फरक कळला नाही, पण त्याने मान हलवली आणि पुन्हा कानस घेतली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कापायचं काय, कुठलाही धारदार चाकू कापतो. सुपरमार्केटातला चार युरोंचा चाकूही टोमॅटो फर्स्टक्लास कापतो. या माणसाची सगळी कारागिरी चाकू मिटण्यात आहे. आठवडाभराच्या कामातले कितीतरी तास अशा जागेवर जातात जी चाकू मिटल्यावर कुणाला दिसत नाही आणि उघडल्यावर कुणी बघत नाही. पंधरा युरोंच्या नवाखात हेच वगळलेलं असतं. तिची धार चांगली असेल, मूठही चकचकीत असेल. पण वर्षभरात पातं लुळं पडतं, एका फळीला घासायला लागतं आणि शेवटी ती मिक्सरच्या गॅरंटी कार्डाशेजारी खणात जाऊन पडते.

किंमत त्याने सांगितली तेव्हा जीभ सवयीने घासाघिशीसाठी वळवळली. दीडशे युरोंच्या बऱ्याच पुढचा आकडा होता. पण ज्या माणसाने दुसऱ्याच्या चाकूवर माझ्यादेखत सबंध सकाळ घालवली त्याला “काही कमी होईल का” विचारायला तोंड उघडेना. चाकू तयार झाल्यावर कुरिअरने पाठवतो म्हणाला. स्टेशनवरच्या स्कॅनरचा प्रश्न परस्पर सुटला.

चाकू आला, आणि आता दर रविवारी बाहेर जेवायला जाताना तो बरोबर असतो. मेंढीच्या दुधाच्या मांचेगो चीजचं साल कठीण असतं, त्याला हॉटेलातल्या गुळगुळीत सुऱ्या दाद देत नाहीत. इथली जुनी माणसं अजूनही खिशातून आपापली नवाखा काढतात, ब्रेडचा तुकडा डाव्या हातात धरतात आणि चीजची फोड पात्यावरूनच ब्रेडवर सरकवतात. मेंढपाळांची पद्धत. मला ती अजून अंगठा सांभाळूनच करावी लागते. चाकूच्या जातीही कामावरून पडलेल्या. पास्तोरा मेंढपाळाची. कापाओरा जनावरं खच्ची करायची. तिचं काम कळल्यावर माझ्या एका मित्राने आपला ‘सफरचंदाचा’ चाकू मुकाट्याने मिटून ठेवला.

मी हट्टाने कार्बनचं पोलाद घेतलं. त्याला धार लवकर लागते, पण नखरे फार. एकदा लिंबू चिरलं की पातं निळं-करडं होतं, ओलं ठेवलं की ठिपके. पुसायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. बायकोची विळी कोल्हापूरहून आलेली. तिच्यावर तिने नारळापासून कोथिंबिरीपर्यंत सगळं काढलं आणि माझ्या तेल-फडक्याकडे बघून म्हणाली, “हिला मी एवढं गोंजारत बसले असते तर जेवण रात्री नऊला मिळालं असतं.” यावर उत्तर नाही.

पण फोटो बघून नाशिकच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला गच्चीतल्या गुलाबांची कलमं बांधायला असा छोटा चाकू हवा आहे. ती डावखुरी. नख अडकवून पातं उघडायची खाच उजव्या हाताच्या सोयीने एकाच बाजूला असते, ती तिच्यासाठी दुसऱ्या बाजूला घ्यावी लागेल. हे मी कारागिराला कळवलं, तर त्याने तिचा हात कागदावर ठेवून भोवती रेघ मारून पाठवायला सांगितलं. चाकू भेट द्यायचा असतो म्हटल्यावर त्याने आणखी एक सांगितलं. भेट घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे ती खरेदी होते आणि नातं कापलं जात नाही. आपल्याकडेही सुरी हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि मग दुसऱ्याने उचलावी, असं आजी म्हणायचीच. मी हे बहिणीला गंमत म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत यूपीआयवर एक रुपया जमा झाला, शेरा : “चाकू. आता पाठवायलाच लागेल.”