आडव्या पडलेल्या ऐनाचं माप

गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यात आम्ही झाडं मोजतो ती उभीच. जमिनीपासून 1.37 मीटरवर घेर घ्यायचा, उंची घ्यायची आणि सूत्रातून घनफळ काढायचं. सूत्र कितपत खरं, हे ताडून बघायचं तर झाड आडवं लागतं, आणि इथे झाड पाडणं शक्यच नाही. त्यामुळे पावसाळ्यातल्या वाऱ्यात वाटेवर ऐनाचं मोठं झाड कोसळल्याचा वनरक्षकांचा फोन आला, तेव्हा हातातलं काम टाकून निघालो.

पोचलो तर करवत सुरू झालेली. "दादा, जरा थांबा, बुंधा मोजून घेतो." त्यांनी करवत थांबवली, वर टेपचं दुसरं टोकही धरलं.

तीन-तीन मीटरवर खुणा करून प्रत्येक भागाच्या मधोमध घेर घेतला. एका भागाचा भरला 210 सेंटीमीटर, म्हणजे 1.05 घनमीटर. पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. कोयत्याने तुकडा काढला तर दीड सेंटीमीटर जाड! तेवढ्याने घेर साडेनऊ सेंटीमीटरने उतरतो आणि लाकूड जवळपास नऊ टक्क्यांनी. वखारीतल्या जुन्या रीतीने, म्हणजे पाव घेराचा वर्ग गुणिले लांबी केली, तर सालीसकट याच भागाचे 0.83 घनमीटर होतात. झाड तेच, आकडे तीन. कुठल्या रीतीने मोजलं हे जुन्या नोंदीत लिहिलेलं नसेल, तर झाड वाढलं की मोजणी बदलली, हे कळायचं कसं?

वाढीचा हिशेब तर याहून नाजूक. ओकची वर्षवलयं स्पष्ट उमटतात, आपल्या सागाचीही; त्यांवरून मागची वाढ काढता येते. ऐनाची वलयं तितकी भरवशाची नाहीत. म्हणून त्याच झाडाला, त्याच रंगवलेल्या पट्ट्यावर, काही वर्षांनी पुन्हा टेप लावण्यावाचून इलाज नाही. अशा कामात सालीचे साडेनऊ सेंटीमीटर म्हणजे कित्येक वर्षांची वाढ.

बुडाशी करवत फिरली तेव्हा आत पोकळी निघाली, हात कोपरापर्यंत गेला. बाहेरून घेतलेल्या घेराला ती दिसणार नव्हती. सूत्रातून झाडात साठलेल्या कार्बनचे आकडे काढणाऱ्यांनी अशी बुडं एकदा तरी बघायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

ओंडके कडेला सारले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2000 सालच्या आदेशामुळे अभयारण्यातलं पडलेलं झाडही बाहेर नेता येत नाही. ते तिथेच कुजतं. त्याआधी त्याचं माप मिळावं म्हणून वनरक्षकांकडे एक टेप आणि कोरी वही ठेवून आलो. पुढचं झाड पडलं की आधी घेर, मग करवत, असं ठरलंय.