तुम्ही विचारलंत म्हणून: बदललं काय?

बीड, केज, माजलगावकडं बचत गटाच्या बैठकीत कायद्याची माहिती द्यायला गेले की हा प्रश्न येतोच. "वकीलताई, कायदे एवढे झाले म्हणता, पण बलात्काराची फिर्याद घेऊन बाई पोलिसात गेली की बोट तिच्याकडंच. मग बदललं काय?"

बदललंय, आणि बायकांनी भांडून बदलून घेतलंय. १९७२ साली आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद आली. आरोपी पोलीसच. सत्र न्यायालयानं तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही! पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं. पीडितेचं नाव छापणं हाही तेव्हापासून गुन्हा.

तरीही बाई 'वाईट चालीची' आहे हे दाखवायची मुभा आरोपीला होतीच. ती २००२ च्या दुरुस्तीनं गेली. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये कायद्यानं स्पष्ट लिहिलं की प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं नाही. फिर्याद न घेणारा पोलीस गुन्हेगार ठरतो, दवाखाना सरकारी असो की खासगी, उपचार फुकट. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून बघायची, ती 'दोन बोटांची' तपासणी करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं.

आपल्याकडं मात्र गाडी अडते ती कोर्टाच्या आधी, ओसरीवर. भावकी जमते. "बोभाटा नको, पोरीचं लग्न कोण करील?" इथून सुरू होतं आणि "त्याच्याशीच लावून टाका" इथपर्यंत येतं. मला याचा फार राग येतो. बलात्काराचा गुन्हा तडजोडीनं मिटत नाही. अशी लग्नं आणि तडजोडी सुचवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये न्यायाधीशांनाही बजावलं. मग सरपंचाला तो अधिकार कुणी दिला?

आणि ऊसतोडीचं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की आई-बाप कोयता घेऊन कारखान्याकडं निघतात. वयात आलेली पोरगी म्हाताऱ्यांजवळ ठेवायची की फडावर, ऊसतोडीच्या जागी, न्यायची? "काही झालं तर?" या धास्तीनं चौदा-पंधराव्या वर्षीच तिचं लग्न लावून देतात. ज्याच्या भीतीनं हे करायचं, तेच त्या घरात रोज होतं. अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्यानं ठेवलेला संबंधही बलात्कारच, हा २०१७ चा निकाल आहे. मी तो सांगते तेव्हा आया खाली बघतात. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. कारखान्यानं आणि मुकादमानं फडावर राहण्याची धड सोय केली असती, तर निम्मी धास्ती तिथंच संपली असती.

"मग अठरानंतर नवऱ्यानं जबरदस्ती केली तर?" हे दबक्या आवाजात, बैठक उठल्यावर विचारतात. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोत कायदा अजूनही त्याला बलात्कार म्हणत नाही, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेतसुद्धा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मात्र ती हिंसा आहे. त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज देता येतो, त्यासाठी घर सोडावं लागत नाही. तो अर्ज लिहून द्यायला मी बैठकीनंतर थांबते.